मूळ टेकू, नवा टेकू

बाबांचा फोन आई स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते. ते गेल्यावर तो बंद करावा असं आमच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी जमलं नसतं, कारण तो वाजायचा थांबत नव्हता. त्या सकाळीही वाजला. आईनं ओले हात पुसले, फोन कानाला लावला आणि सवयीनं विचारलं, "बंद करून परत चालू केलंत का?"

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला.

"खरा कोणता म्हणजे? मला काय विचारता, मी त्यांची बायको. थांबा, मुलगी आहे." तिनं फोन माझ्यापुढे धरला. "घे. परत तेच. मूळ की नवा."

मी फोन घेतला आणि सगळ्यांना देत होते तेच उत्तर दिलं: जरा थांबा, लवकरच कळवते.

"किती दिवस थांबवणार आहेस लोकांना?" आई म्हणाली. "असंच राहिलं तर उद्या तिसरा निघेल. 'एकमेव टेकू'."

टेकू म्हणजे बाबांनी केलेली संगणकप्रणाली. 'केलेली' हा शब्द त्यांना आवडत नसे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी आणि पुढे वाटावी अशी एक प्रणाली आहे. तिच्यातलं हवं ते उचलून, नको ते गाळून बाबांनी जुन्या, दमलेल्या कॉम्प्युटरांना झेपेल एवढं एक गाठोडं बांधलं होतं. दुकानदारानं "आता भंगारात द्या" म्हणून सांगितलेल्या मशीनमध्ये टेकू घातला की ते उठून बसे. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. अर्ध्यावर अडकलेली गोष्ट बघवत नसे त्यांना.

आवृत्त्यांना नाव द्यायची त्यांची एक पद्धत होती. काम पुरं झालं की ते हात डोक्यामागे घेऊन बसायचे, आणि त्यानंतर आईच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल ते त्या आवृत्तीचं नाव. म्हणून पहिला टेकू 'दूध उतू गेलं', मग 'पंखा कुणी चालू ठेवला', मग 'अजून किती वेळ'. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका माणसानं 'अजून किती वेळ' या नावातल्या गूढ अर्थावर लांबलचक लेख लिहिला होता. बाबांनी तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "त्याला कळवा, जेवण गार होत होतं."

या कामात बाबांचे दोन सोबती होते, घड्याळकाका आणि चष्माकाका. ही नावं मी लहानपणी ठेवलेली, आणि ती इतकी चिकटली की त्यांच्या बायकाही त्यांना त्याच नावांनी हाका मारतात. एकाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्याचं चष्म्याचं, एकाच गल्लीत, समोरासमोर. दर रविवारी दोघं मिळून आमच्याकडे यायचे, तिघं एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि आई चहाची भांडी मोजायचं सोडून द्यायची.

बाबांनी शेवटची आवृत्ती दवाखान्यातल्या खाटेवरून पुरी केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे दोघे भांडले.

घड्याळकाकांचं म्हणणं, टेकू जसा आहे तसाच ठेवायचा. एक कणही जास्तीचा घालायचा नाही. जुन्या मशीनला वजन पेलत नाही. चष्माकाकांचं म्हणणं, जुनी मशीनं वापरतं कोण? म्हातारी माणसं. त्यांना अक्षरं दिसायला नकोत? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही वावच उरला नाही. एकानं आपल्या दुकानातून 'मूळ टेकू' काढला, दुसऱ्यानं 'नवा टेकू'. दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की खरा वारसा आपल्याकडे आहे, समोरचा भरकटलाय. चष्माकाकांच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्यांनी दुरुस्तीला दिलं नाही. घड्याळकाकांच्या चष्म्याची काडी तुटली, ती त्यांनी दोऱ्यानं बांधली. रविवारी आता एक सकाळी येई, दुसरा संध्याकाळी.

आणि शिक्का माझ्याकडे होता.

टेकूत केलेली प्रत्येक सुधारणा बाबांच्या पत्त्यावरून लोकांच्या मशीनांकडे जायची. जाताना तिच्यावर एक शिक्का उमटवलेला असे. हातानं मारायचा नव्हे, आकड्यांचा. तो जुळला तरच मशीन ती सुधारणा आत घेई. हा शिक्का एका पेनड्राइव्हमध्ये होता, आणि त्याचा परवलीचा शब्द बाबांनी फक्त मला सांगितला होता. "तुला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले होते, "म्हणून तुझ्याकडे सुरक्षित." शिक्क्याला त्यांनी मुदत घातली होती आणि ती या महिनाअखेर संपत होती. शिक्का ज्याच्या हातात, तोच मुदत वाढवू शकणार आणि त्याचाच टेकू लोकांपर्यंत आपोआप पोचणार. दुसऱ्याचा विझणार. शिवाय एकाला शिक्का दिला की दुसरा आमच्या घराची पायरी चढणार नाही, हेही मला दिसत होतं. आईचा रविवार तसाही अर्धा झाला होता.

चष्माकाका आले की म्हणायचे, "तुझे बाबा मला स्वतः म्हणाले होते, आता पुढचं तू बघ."

घड्याळकाका आले की म्हणायचे, "तुझे बाबा मला स्वतः म्हणाले होते, जपून ठेव रे."

बाबा दोघांनाही तसं म्हणाले असणार. समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आणि मी दोघांनाही म्हणायचे, बघते. खरं तर मी काही बघत नव्हते. शिक्का माझ्याकडे आहे तोवर लोक बाबांचं नाव घेऊन फोन करत होते, आणि कुणीतरी रोज त्यांच्याविषयी वर्तमानकाळात बोलत होतं. ते मला चालत होतं.

गोंधळ वाढला तो नळामुळे. न्हाणीघरातला नळ सकाळीच निखळला आणि घरभर पाणी झालं. नळ दुरुस्त करणारा आला तो पान्ह्यांची पिशवी उघडून तीच न्याहाळत बसला. तेवढ्यात फोन वाजला. आईनं तो उचलला आणि त्याच दमात नळवाल्यावर ओरडली, "आधी नळ बंद करा!"

फोनवर घड्याळकाका होते. "बरं वहिनी," ते म्हणाले, "मिळालं," आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं परत फोन. नळवाला अजून योग्य पान्हा शोधतच होता. "अहो, आधी नळ बंद करा!"

आता चष्माकाका होते. "आभारी आहे वहिनी," म्हणाले आणि ठेवला.

"हल्ली लोक फोन करतात आणि काम न सांगताच ठेवतात," आई मला म्हणाली. चार दिवसांनी मूळ टेकूची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि नव्या टेकूचीही. दोन्हींचं नाव 'आधी नळ बंद करा'. पद्धत दोघांनीही पाळली होती. फक्त एकमेकांना विचारायची सोय उरली नव्हती.

त्यानंतर फोनवर काय चाललं ते सांगण्यात अर्थ नाही. लोक एकाच नावाची दोन निरनिराळी गाठोडी उतरवून घेत होते, एकाच्या अडचणीवर दुसऱ्याचा उपाय करत होते आणि आईला दोष देत होते.

अशातच शिवणशाळेच्या बाई आल्या. बाई म्हणजे उंच, खांद्यावर मोजपट्टी टाकलेल्या, दारातूनच बोलायला सुरुवात करणाऱ्या. त्यांच्या शाळेत जुन्या कॉम्प्युटरांची एक खोली आहे. त्यावर कपड्यांचे कागदी नमुने आखायचे, छापायचे आणि त्यावरून कापड बेतायचं. सगळ्या मशीनांवर टेकू.

"तुमच्या टेकूनं माझ्या बाह्या आखडल्या," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक कोट काढून आईच्या अंगावर धरला. "बघा. अंग बरोबर. ते आम्ही जुन्या नमुन्यावरून बेतलं. बाह्या या आठवड्यात छापलेल्या. मनगट उघडं! अख्ख्या वर्गाच्या बाह्या अशाच. परवा मुलींच्या कामाचं प्रदर्शन आहे."

"छान बेतलाय हो," आई म्हणाली. "मला मापात बसतोय."

"तुमचे हात आखूड आहेत," बाई म्हणाल्या.

चौकशी केली तेव्हा कळलं, शाळेतल्या दोन शिक्षिकांनी 'आधी नळ बंद करा' दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणला होता. खोलीत डावीकडे सगळे मूळ, उजवीकडे सगळे नवे. जागा बदलली की मुली गोंधळत. "तुमच्या त्या दोघा काकांनी काय शिजवलंय ते शिजवलंय," बाई म्हणाल्या, "पण मला बाह्या हव्यात."

मी दोन्ही काकांना दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत यायला सांगितलं. दुसराही येणार आहे हे सांगितलं नाही. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. कुणाची चूक निघते ते पाहावं आणि ज्याची नाही त्याला शिक्का देऊन मोकळं व्हावं, असं मी ठरवलं होतं. निदान कुणाला विचारलं तर सांगण्यासारखं कारण तरी होईल. आई म्हणाली, "मीपण येते. कोट परत द्यायचाय." कोट तिनं घातला होता.

खोलीत दोन्ही बाजूंना मशीनं, मधे कापड कापायचं लांब टेबल. घड्याळकाका आधी आले. चष्माकाका दारात आले, त्यांना पाहून थांबले.

"वा," चष्माकाका म्हणाले. "संग्रहालयातून आज सुट्टी मिळाली वाटतं."

"आपण या ना," घड्याळकाका म्हणाले. "एवढी मोठी अक्षरं काढता, दारावरची पाटी मात्र वाचता येत नाही. चपला बाहेर काढायच्या असतात."

"काका," मी म्हटलं.

"मी काही बोललोय का?" दोघंही एकदम म्हणाले.

बाह्यांची हकिकत ऐकून दोघांचेही चेहरे खुलले. मोठ्या अक्षरांसाठी यांनी पानाचं माप ताणलंय, तिथंच बाही गेली, असं घड्याळकाका म्हणाले. छपाईचा भाग यांनी काटकसरीच्या नावाखाली कापला असणार, असं चष्माकाका म्हणाले. बाईंनी दोघांकडे पाहून मोजपट्टी ताणली. "भांडू नका. दोघंही एकेक बाही छापा. एकच माप, एकाच कोटाची."

दोघांनी आपापल्या बाजूच्या मशीनवर बसून छापली. बाईंनी कागद कापले, त्यावरून जाड कापडाच्या दोन बाह्या कापल्या आणि टेबलावर डावीकडे-उजवीकडे ठेवल्या. मोजपट्टी लावली. मूळ टेकूची बाही बोटभर आखूड. नव्या टेकूची बाही बोटभर आखूड. बाईंनी एक उचलून दुसरीवर ठेवली. कडेला कड जुळली. दोऱ्याचाही फरक नाही.

"हे कसं?" चष्माकाका म्हणाले.

मला कळलं होतं. माझं काम जुन्या हस्तलिखितांच्या नकला ताडून पाहण्याचं आहे. मूळ पोथी हरवलेली असते, हातात दोन नकला असतात, आणि दोन्ही नकलाकार आपलीच खरी म्हणून शपथ घेऊन बसलेले असतात. नकला वेगवेगळ्या जागी चुकत असतील तर चुका नकलाकारांच्या. पण दोन्ही नकला एकाच जागी, एकाच तऱ्हेनं चुकल्या असतील, तर ती चूक त्यांच्यातल्या कुणाचीच नसते. ती जिच्यावरून नक्कल केली तिच्यातली असते.

मी काही बोलले नाही. आई शेजारी उभी होती.

तोवर घड्याळकाकांनी आपल्या मशीनवर छपाईचा भाग उघडला होता. चष्माकाका सवयीनं त्यांच्या खांद्यामागे जाऊन वाकले. आधी एकजण बोट फिरवत वाचत होता, मग दोघंही थांबले. पडद्यावर नजर तशीच. ओळीशेजारी ती कुणी लिहिली आणि कधी लिहिली हे दिसतं, हे मला माहीत होतं. बाबांनीच दाखवलं होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," चष्माकाका सरळ होत म्हणाले. "माझी चूक. मीच केलीय. बघताना चुकलं माझं."

"छे, छे," घड्याळकाका म्हणाले. "त्याचा काय संबंध? माझी आहे ती."

"अरे, मी सांगतोय ना, माझी."

"तू गप बस. तुला छपाईतलं काय कळतं?"

"तुला कळतं म्हणून तर चुकलास ना!"

"म्हणजे माझीच आहे ना? मग झालं तर!"

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. "मघाशी एकजणही कबूल होत नव्हता," त्या म्हणाल्या. "आता काय चूक वाटून घ्यायचीय?"

"चूक काय आहे?" मी विचारलं.

घड्याळकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. शेवटी चष्माकाकाच बोलले. "एका इंचात दोन पूर्णांक चोपन्न शतांश सेंटिमीटर असतात. इथं नुसते अडीच लिहिलेत. सुटा आकडा छोटाच, पण बाहीसारख्या लांब मापात बोटभर फरक पडतो."

"आणि हे अडीच तुम्ही लिहिलंत, घड्याळकाका?" मी म्हटलं. "केसाच्या रुंदीचं चाक बसवणाऱ्या माणसानं?"

"माणूस आहे. होतं कधीकधी."

"आणि चष्माकाकांनीही? वेगळं, स्वतंत्रपणे, त्याच ओळीत?"

"योगायोग," चष्माकाका ठामपणे म्हणाले.

आई अंगातल्या कोटाच्या बाह्या न्याहाळत होती. ती थांबली. "ह्यांनी लिहिलं असणार ते," ती म्हणाली. "आमच्या बैठकीच्या खोलीतले पडदे बघितलेत का कधी? त्यांनीच माप घेतलं होतं. खिडकीचा खालचा भाग उघडाच. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, इंचाला अडीच धर, कुठं बिघडतंय. आयुष्यभर इंचाला अडीच."

चष्माकाका फुस्सकन हसले, ते दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. घड्याळकाका त्यांच्या पाठीत थापट्या मारता मारता स्वतःच हसू लागले. "लिफ्टा कशा काय बरोबर थांबायच्या रे त्याच्या?"

"थांबायच्या कुठं? आमच्या इमारतीत बोटभर खालीच थांबायची. आम्ही उडी मारून बाहेर यायचो."

मीही हसले. बाबा गेल्यापासून त्यांच्यावर हसले नव्हते. त्यांच्यावर हसायचं असतं, हेच विसरायला झालं होतं.

मी पडद्याजवळ गेले. ओळ होती तिथंच होती. शेजारी बाबांचं नाव आणि तारीख, दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतली. त्या दिवसांत त्यांचा एक हात सलाइनमुळे जखडलेला असायचा, त्यामुळे त्यांनी हे एका हातानं टाइप केलेलं. या दोघांनी ती ओळ आज पहिल्यांदा पाहिली आणि पाहिल्याबरोबर माझ्यापासून आणि आईपासून लपवायला धावले. मी त्यांच्यात खरा वारस शोधत बसले होते.

"दुरुस्त करा," मी म्हटलं. "पण मूळमध्ये नको, नव्यातही नको. बाबांच्या शेवटच्या आवृत्तीत. तिच्यात बरोबर झालं की तुमच्या दोघांतही येईल ना?"

"येईल," घड्याळकाका म्हणाले. "पण तिच्यावर शिक्का लागेल."

"शिक्का मी आणलाय."

दोघं एका खुर्चीच्या दोन टोकांना टेकून बसले. दुरुस्ती एका आकड्याची. पण एक म्हणे शेजारी खुलासा लिहू, दुसरा म्हणे कशाला, कळतंय ते. शेवटी खुलासा लिहिला गेला, आखूड. आवृत्ती नवी नव्हती, त्यामुळे नावाचा प्रश्न नव्हता. मग त्यांनी खुर्ची मला दिली आणि दोघांनीही, न सांगता, खिडकीकडे तोंडं केली. मी पेनड्राइव्ह लावला, परवलीचा शब्द टाइप केला. मशीन क्षणभर थबकलं आणि शिक्का उमटला. बाबांच्या पत्त्यावरून ती दुरुस्ती निघाली, शाळेतल्या डाव्या बाजूच्या मशीनांकडे, उजव्या बाजूच्या मशीनांकडे आणि मला ठाऊक नसलेल्या कुणाकुणाकडे.

बाईंनी नवी बाही छापली, मोजपट्टी लावली, मान डोलावली आणि सरळ वर्गाकडे गेल्या. "कात्र्या काढा ग!" असा त्यांचा आवाज आला.

"आता मुदत," चष्माकाका खिडकीकडेच पाहत म्हणाले. "वाढवतेयस ना? कुणाच्या नावानं ते तू ठरव. आम्ही काही बोलणार नाही."

"बोलणार नाही," घड्याळकाका म्हणाले.

"नाही वाढवत," मी म्हटलं.

दोघंही वळले.

"संपू दे महिनाअखेर. बाबांचा टेकू इथं पुरा झाला, चुकीसकट, दुरुस्तीसकट. तुम्ही आपापला चालवा, आपापल्या शिक्क्यानं. मशीन फार जुनं असेल तर याचा, डोळे थकले असतील तर त्याचा. विचारणाऱ्याला मी तसंच सांगेन. फक्त 'मूळ' आणि 'नवा' नको. दोघांनीही आपली वेगळी नावं शोधा."

घड्याळकाकांनी ओठ मुडपले. चष्माकाका म्हणाले, "मग तुझ्या बाबांचा पत्ता? लोक जुन्या पत्त्यावर येतील की."

"तिथं दोन दारं ठेवा. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे."

"पहिलं दार कुणाचं?" घड्याळकाकांनी लगेच विचारलं.

मी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. तो आता एक साधा पेनड्राइव्ह होणार होता. माझं बोट त्याच्यावर जरा जास्त वेळ राहिलं असेल. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो आखूड बाहीतूनही जेमतेम बाहेर आलेला.

आम्ही चौघं रस्त्याला लागलो. उन्हं उतरली होती, दुकानांत दिवे लागत होते. दोघं काका पुढं, मी आणि आई मागं. पहिलं दार डावीकडचं की वरचं, यावर त्यांचं चाललं होतं. चष्माकाका हवेत मोठा चौकोन काढून दाखवत होते आणि घड्याळकाका तो दोन बोटांनी लहान करत होते.

"झालं का ग सगळं?" आईनं विचारलं.

"बाबांचं झालं," मी म्हटलं. "त्यांचं चालू राहील."

आईनं मान डोलावली. थोडं चालल्यावर ती जरा मोठ्यानं म्हणाली, "रविवारी या दोघंही. एकाच वेळी. मला दोनदा चहा ठेवायचा कंटाळा येतो."

दोघांनी मागं न बघताच हात वर केले आणि बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं.